चावडीच्या ओट्यावरचा सतरा सप्टेंबर

मागच्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीनं विचारलं, "मराठवाड्यात चार दिवस काढायचेत. अजिंठा-वेरूळ झालंय. आणखी काय बघू?" मी काही विचार न करता "परभणी" असं लिहून पाठवलं. तिचं लगेच उत्तर आलं, "परभणीत काय आहे बघायला?" खरं सांगायचं तर तिच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. लेणी नाहीत, धबधबा नाही, थंड हवा तर विचारूच नका. पण मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं प्रवास केला तो परभणीचा, आणि त्यात जी माती खाल्ली ती अजून घशाखाली उतरलेली नाही. तेव्हा मैत्रिणीला जे चार ओळींत सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते.

गोष्ट नामांतराच्या वर्षांतली. मराठवाड्यातल्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन गेला होता, त्यापायी दंगली होऊन गेल्या होत्या, घरं जळून गेली होती, आणि नाव मात्र होतं तेच होतं. मी पुण्यात एम.ए. करत होते. आमच्या सरांनी एक पाहणी हाती घेतली होती: स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या तरुणांना देश आपला वाटतो का, आणि किती. चार जिल्हे, चार विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकल्या. एका वर्गमैत्रिणीला कोल्हापूर आलं, ती नाचली. माझी चिठ्ठी उघडल्यावर वर्गातला एक दीडशहाणा म्हणाला, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" सगळे हसले. आई म्हणाली, "कुठे त्या निजामाच्या मुलखात जातेस एकटी?" त्या एका वाक्यानं माझं जायचं पक्कं झालं.

तेव्हाचा प्रवास असा: पुण्याहून मनमाड, मनमाडला गाडी बदलायची आणि पुढे छोट्या रुळांवरची गाडी. ती इतकी निवांत चालायची की माणसं उतरून परसाकडे जाऊन परत चढतील. आता मोठे रूळ झालेत, थेट गाड्या आहेत, झोपून जा आणि परभणीला उतरा. जालन्यानंतर खिडकीतून काळी माती सुरू झाली ती संपेचना. सप्टेंबर होता. कापूस गुडघ्याच्या वर आला होता, मूग काढून झाला होता, ज्वारी डोक्याएवढी. समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं न विचारता माझ्या हातावर अर्धी भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. "खा माय, वाळून गेलीस," म्हणाली. ठेचा खाल्ल्यावर मी पुढची दोन स्टेशनं नुसती रडत होते.

परभणीच्या एसटी स्टँडवर उत्तम साळवे मला घ्यायला आला होता. सरांच्या ओळखीनं मिळालेला स्थानिक सोबती. नुकताच बी.ए. झालेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बौद्ध कुटुंबातला, झरीच्या पुढे आत असलेल्या एका खेड्यातला. त्या खेड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांनी मला जेवू घातलंय. उत्तम पहिलं वाक्य बोलला ते हे: "मॅडम, तुमचा फॉर्म दाखवा बरं आधी."

तिथेच स्टँडवरच्या हॉटेलात, गुळाच्या चहाबरोबर, त्यानं फॉर्म वाचला. पहिलाच प्रश्न होता: आपण स्वतंत्र कधी झालो? सरांनी मला उत्तरांचा तक्ता दिला होता. पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस लिहिलं तर बरोबर, नाहीतर चूक.

उत्तम म्हणाला, "तुमचा कागद इथं नापास होतोय. पंधरा ऑगस्टला आमी निजामाच्या राज्यात होतो. आमचं पुढच्या वर्षी सुटलं. सतरा सप्टेंबर."

"हो, पण देशाचा स्वातंत्र्यदिन म्हणजे..."

"विचारून तर बघा," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतू लागला.

दुसऱ्या दिवशी पोखर्णीला गेलो. नृसिंहाचं देऊळ आहे, परभणीहून एसटीनं तासाभराच्या आत पोचता, तिकीट किरकोळ. देवळात जरूर जा, गाभाऱ्याचं दार इतकं छोटं आहे की देवासमोर प्रत्येकाला वाकावंच लागतं. देवळाबाहेर फुलं-नारळ विकणारी, पारावर पत्ते कुटणारी, शेतातून आलेली अशी अकरा तरुण मंडळी मी गाठली. त्यातल्या सात जणांनी सतरा सप्टेंबर सांगितलं. मी तक्त्याप्रमाणे सात फुल्या मारल्या. नंतर जिंतूरला गेलो. तिथे स्टँडसमोर भजी छान मिळायची, आता ती गाडी आहे का माहीत नाही. कॉलेजच्या मुलांना मी दुसरा प्रश्न विचारला, "तुम्ही स्वतःला आधी कोण समजता? भारतीय, मराठी, मराठवाड्याचे, की आपल्या जातीचे?" एकानं फार मनापासून विचार केला आणि म्हणाला, "नोकरी लागली की सांगतो, ताई. ज्यानं लावली त्याचा." उत्तम इतका हसला की त्याचं पेन खिशातून पडलं.

तोवर आमची बऱ्यापैकी मैत्री झाली होती. मॅडमची ताई झाली होती. मी त्याला म्हटलं, "तुझाही फॉर्म भरते. बोल, आपण स्वतंत्र कधी झालो?" तो एसटीच्या खिडकीकडून माझ्याकडे वळला.

"आपण म्हणजे देश म्हणत असाल तर पंधरा ऑगस्ट. मराठवाडा म्हणत असाल तर सतरा सप्टेंबर. आमचा बाबा म्हणत असाल तर छप्पन्न सालचा ऑक्टोबर. धम्म घेतला तवा. तुमच्या कागदावर तीन रेघा हायत का?"

रेघ एकच होती. मी ती कोरी ठेवली आणि मनात म्हटलं, परभणी वाटली होती तेवढी सोपी नाही.

झरीपर्यंत पक्का रस्ता होता, पुढे बैलगाडीची वाट. पावसानं चिखल झाला होता, आणि ती काळी माती चपलेला अशी धरते की चार पावलांत आपण चार बोटं उंच होतो. आता डांबर झालंय म्हणे. गावात माझी सोय शाळेच्या मुख्याध्यापकांच्या घरी होती. त्यांना सगळे गुरुजी म्हणत, मीही गुरुजीच म्हणते. पन्नाशीचे, उत्साही, प्रेमळ गृहस्थ. त्यांच्या घरची अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मी रोज खाल्ली आणि रोज वाटलं, पुण्यात आपण जेवतो ते काय आहे?

गुरुजींनी त्या वर्षी एक गोष्ट मनावर घेतली होती. गावाचं झेंडावंदन चावडीच्या ओट्यावर व्हायचं. दंगलीच्या वर्षापासून बौद्धवाड्यातली तरुण मुलं तिकडे फिरकत नव्हती. ती आपल्या विहारासमोर वेगळा तिरंगा लावायची. एका गावात एकाच सकाळी दोन झेंडे, दोन्ही तिरंगे, आणि दोन्हीकडे तेच राष्ट्रगीत, दोन मिनिटं मागे-पुढे. गुरुजींनी सरपंचांना पटवलं होतं की यंदाच्या सतरा सप्टेंबरला चावडीवरचा झेंडा उत्तम फडकवील. गावातून बी.ए. झालेला तो दुसराच मुलगा होता.

उत्तम सहजासहजी हो म्हणाला नव्हता. वाड्यातले त्याचे मित्र त्याला म्हणत होते, "नामांतर होईस्तोवर त्यांच्या ओट्यावर चढायचं न्हाई असं ठरलंय. तू फितूर झालास." तो तयार झाला तो केवळ वडलांसाठी. त्याच्या वडलांना, किसनबाबांना, एकदा आपला पोरगा त्या ओट्यावर उभा राहिलेला बघायचा होता. बाकी त्यांना आयुष्याकडून काही नको होतं.

गावात पोचले त्याच दुपारी मी किसनबाबांकडे गेले. सारवलेलं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला सगळ्यांना माहीत असलेला फोटो. म्हातारा सडसडीत, पाय मात्र भक्कम, चालणाऱ्याचे. उत्तम आणि मी बसलो. त्यांनी एक गोष्ट सांगितली, तिच्यापायी पुढचं सगळं घडलं, म्हणून ती नीट सांगते.

त्या काळी त्यांच्या घराकडे येसकरी होती. म्हणजे वेशीची राखण करायची, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोचवायचं, मयतीचा असो की सरकारचा, सांगावा गावोगाव न्यायचा, आणि त्याबदली संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. हातात घुंगरं लावलेली काठी, म्हणजे माणूस येतोय हे लांबून कळावं.

"मी वीस-बावीसचा आसन," किसनबाबा म्हणाले. "पाटलानं बोलावलं. म्हणला, किसन्या, पळ. निजाम पडला, आपण सुटलो म्हणून सांग. चार गावं हायत. मी पळालो. चिखल इथपर्यंत. हरेक गावात चावडीच्या ओट्याखाली उभं राहायचं अन् ओरडायचं, आपण सुटलो हो, आपण सुटलो! लोक येडे झाले. गुलाल उधळला. चवथ्या गावात गूळ दिला. मी उपरणं पसरलं, त्यांनी वरून टाकला."

"मग छप्पन्न साली येसकरी सोडली," उत्तम म्हणाला. "मायनं काठी चुलीत घातली. त्या जाळावर भाकरी भाजल्या."

मी भारावून गेले होते. अहो, स्वातंत्र्याची बातमी घेऊन चिखलातून पळणारा तरुण! पुस्तकात असं कधी वाचलं होतं? मी सगळं वहीत उतरवलं, गुळाचं आणि चुलीचंही. हातानं लिहिलं, पण डोक्यात शिरलं नाही. मला फक्त पळणं दिसत होतं.

घरी जाताच मी गुरुजींना म्हटलं, "गुरुजी, परवा झेंडावंदनाच्या आधी किसनबाबांनी तशीच हाळी दिली तर? घुंगराची काठी घेऊन यायचं, आपण सुटलो म्हणायचं, आणि मग त्यांच्याच मुलानं झेंडा वर न्यायचा!"

गुरुजींचे डोळे चमकले. "वा! ताई, काय सुचलंय तुम्हाला. म्हाताऱ्याचा केवढा मान होईल!" ते तडक सुताराकडे गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवी काठी तयार झाली. बाभळीची, रंधा मारलेली, वर तेल दिलेलं, पितळी घुंगरं परभणीहून मागवलेली. काठी खरोखर देखणी झाली होती.

मधल्या दिवशी मी सरपंचांच्या मुलाचा, बालाजीचा, फॉर्म भरला. पंचविशीचा दणकट गडी, शेती करणारा. मी विचारलं, "देशासाठी काय करायची तयारी आहे?"

"जीव देईन. लिवा."

पुढचा प्रश्न होता, गावातल्या कोणाच्याही घरी जेवाल का? बालाजी पायानं ढेकूळ फोडू लागला. मग म्हणाला, "हा सवाल देशाचा न्हाई, बाई. हा घरचा हाय." उत्तम माझ्या शेजारीच उभा होता. तो आणि बालाजी एकाच वर्गात शिकलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

सोळा तारखेला संध्याकाळी गुरुजी आणि मी ती काठी नव्या पंच्यात गुंडाळून किसनबाबांकडे घेऊन गेलो. दोघेही खुशीत होतो. गुरुजींनी पंचा सोडला आणि घुंगरं वाजली.

किसनबाबा बाजेवर बसले होते. त्यांनी काठीकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे पाहिलं, आणि उठून घरात गेले.

उत्तमचा चेहरा पांढरा पडला होता. "ही अक्कल कुणाची?" त्यानं विचारलं.

गुरुजी बिचारे माझ्याकडे बघायला लागले.

"माझी," मी म्हणाले.

"ताई, तुमाला सांगितलं होतं न्हाई? ही काठी आमी जाळली. माझा बाबा भाकरी मागायचा हिच्या आवाजावर. तीस वर्षांनी तुमी तेल लावून परत आणून दिलीत. अन् कशासाठी? झेंड्यासाठी!" तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "उद्या आमच्यातलं कुणी येणार न्हाई. मी बी न्हाई. गुरुजी, माफ करा."

गुरुजींनी काठी परत गुंडाळली. वाटेत ते एकच वाक्य तीनदा म्हणाले, "मान व्हावा म्हणून केलं हो." मला तर तेही म्हणता येत नव्हतं. मी ती गोष्ट ऐकली होती, वहीत लिहिली होती, आणि तरी मला कळली नव्हती. पाहणी करायला आलेल्या बाईला दिसत काहीच नव्हतं! एका म्हाताऱ्याची आयुष्यातली एकुलती एक इच्छा मी माझ्या हौसेपायी मोडली होती, आणि हे लिहिताना मला आजही शरम वाटते.

सकाळी उजाडताच मी एकटी बौद्धवाड्यात गेले. किसनबाबा दारात बसून दाढी करत होते. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, धुऊन वाळत घातलेली टोपी. उत्तम घरात नव्हता.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हणाले. आणखी पुष्कळ पाठ करून गेले होते, पण तेवढंच तोंडातून आलं.

त्यांनी तोंड पुसलं. "वाट चुकल्याली माणसं मी लय जागी पोचवून आलोय. काम होतं ते माझं. तुमी कामून रडायलाव? चला, उशीर होईल."

"तुम्ही येणार?"

"मला बोलावणं हाय. काठीला नव्हतं."

आम्ही दोघं चावडीकडे निघालो. गाव जमलं होतं. शाळेची मुलं रांगेत, ओट्यावर तीन खुर्च्या: सरपंच, पोलीसपाटील, गुरुजी. खांबाला झेंडा गुंडाळून बांधलेला, दोरी ओट्यावर. किसनबाबांना मुलाशिवाय येताना पाहून कुजबुज झाली. पलीकडे पिठाच्या गिरणीपाशी वाड्यातली पाच-सहा तरुण पोरं हाताची घडी घालून उभी होती. त्यांच्यात उत्तम होता.

किसनबाबा ओट्याच्या पायऱ्यांशी थांबले. नुसते थांबले, एवढंच. मग एकेक पायरी चढून वर गेले. गुरुजी ताडकन उठले आणि आपली खुर्ची पुढे केली. किसनबाबा त्या खुर्चीत बसले. गुरुजी हात जोडून म्हणाले, "बाबा, दोन शब्द सांगा."

किसनबाबा बसूनच बोलले. आवाज मोठा नव्हता, पण लांब पोचणारा होता.

"मी लय सांगितलं. जन्मभर मीच सांगितलं, तुमी ऐकलं. आज तुमी सांगा. मी बसून ऐकतो."

सरपंचांनी खिशातलं भाषण अर्धं बाहेर काढलं आणि परत आत सारलं. गुरुजी खाली मान घालून उभे. मला वाटलं, आता हे असंच राहणार आणि पोरं कंटाळून पांगणार.

तेवढ्यात गर्दीतून बालाजी पुढे आला. तो ओट्यावर चढला नाही. खालीच उभा राहिला, किसनबाबांच्या पायांच्या समोर, मान वर करून. कानापर्यंत लाल झाला होता.

"बाबा," तो म्हणाला, "आपण सुटलो."

किसनबाबांनी मान हलवली. गावातून एखादी चांगली बातमी आल्यावर माणूस पुढची चौकशी करतो, तशा साध्या आवाजात त्यांनी विचारलं,

"कोण कोण?"

बालाजीनं तोंड उघडलं. "मी," म्हणाला. मग "गुरुजी." मग "तुमी." मग त्याची नजर गिरणीकडे गेली आणि तो थांबला. मला वाटलं होतं की कुणीतरी टाळ्या वाजवून वेळ मारून नेईल. पण कुणी वाजवल्या नाहीत, ही त्या गावाची मला आवडलेली गोष्ट.

बालाजी वळला आणि भर सभेतून, चिखल तुडवत, गिरणीकडे चालत गेला. तिथे तो आणि उत्तम काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. बालाजी हातवारे करत होता, उत्तम जमिनीकडे बघत होता. बाकीची पोरं तोंड फिरवून उभी. बराच वेळ गेला. मग दोघं आले, एकमेकांच्या शेजारी, पण मध्ये हातभर अंतर ठेवून.

उत्तम पायऱ्या चढला. वडलांच्या खुर्चीशी क्षणभर थांबला. किसनबाबांनी त्याच्या पायांना लागलेल्या चिखलाकडे पाहिलं आणि आपल्या खांद्यावरचा पंचा पुढे केला. उत्तमनं मान हलवून नको म्हटलं, दोरी हातात घेतली आणि ओढली. गाठ पहिल्या झटक्यात सुटली नाही, दुसऱ्यात सुटली. झेंडूच्या पाकळ्या किसनबाबांच्या टोपीवर पडल्या. राष्ट्रगीत सुरू झालं. गिरणीपाशी उभी असलेली पोरं चावडीकडे आली नाहीत, पण हाताची घडी त्यांनी सोडली आणि जागच्या जागी ताठ उभी राहिली.

गुरुजींच्या घरी त्या दिवशी सगळ्यांना जेवण होतं. उत्तम आला नाही. "आमच्या विहाराचा झेंडा राहिलाय," म्हणाला. मी त्याच्याबरोबर गेले. तिथेही उभी राहिले. तिथून निघताना त्यानं विचारलं, "ताई, आता पुण्यात जाऊन काय लिवणार?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." तो म्हणाला, "मग चांगलं लिवाल."

परतीचा प्रवास तोच: बैलगाडी, झरी, एसटी, परभणी, छोटी गाडी, मनमाड. तुम्ही कधी जाणार असाल तर सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात जा. पाऊस झालेला असतो, शेतं भरलेली असतात, माणसं त्यातल्या त्यात मोकळी असतात. पायात घट्ट बसतील असे बूट घाला, आणि कुणी भाकरी दिली तर नाही म्हणू नका. सरांनी माझ्या फुल्या आणि कोऱ्या रेघा पाहून कपाळाला हात लावला, पण पुढे तो प्रश्न पाहणीतून काढून टाकला. उत्तम शिक्षक झाला. आमची पत्रं कित्येक वर्षं चालू होती. विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं त्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, त्यात बातमी एका ओळीत होती आणि बाकी दोन पानं किसनबाबांच्या शेवटच्या आजारपणाची होती. मी ते पत्र वाचून फार रडले.

परभणीनं मला काय दिलं, असं मैत्रिणीनं विचारलं तर हे सांगेन. त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला आमच्या पुण्याच्या इमारतीत झेंडावंदन होतं. दरवर्षी असायचं, मी दरवर्षी जायचे. आमचे चेअरमन माइक हातात घेऊन म्हणाले, "आज आपण सगळे इथे जमलो आहोत..." आणि माझ्या कानात म्हाताऱ्याचा आवाज आला: कोण कोण? मी मान वळवून बघितलं. झेंड्याभोवतीची चुन्याची फक्की पहाटे ज्यांनी टाकली होती, आवार झाडलं होतं, त्या आमच्या सखूबाई फाटकाबाहेर, रस्त्यावर, खराटा भिंतीला टेकवून उभ्या होत्या. इतकी वर्षं त्या तिथेच उभ्या राहत असणार. मला त्या कधी दिसल्या नव्हत्या.

मी काय केलं, असं तुम्हाला वाटेल? काही केलं नाही. राष्ट्रगीत म्हटलं, जिलबी घेतली आणि घरी गेले. फाटकापर्यंतची पंधरा पावलं चालायला मला आणखी एक वर्ष लागलं.